उपवासकाळातलं शुभवर्तमान कुणासोबत वाचावं?

«राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी आले की दरवर्षी ठरवते, रोजचं शुभवर्तमान वाचायचं आणि दहा मिनिटं शांत बसून मनन करायचं. पहिला आठवडा जमतं, मग कंटाळा येतो. शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजर हे सगळं धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणापासून ऐकलेलं आहे. पुढचं वाक्य वाचायच्या आधीच डोळ्यांसमोर येतं. आमच्या प्रार्थनागटातल्या सिस्टरांनी सुचवलं की पहिल्या काही शतकांतल्या संतांनी या उताऱ्यांवर काय सांगितलं ते वाचा. मोबाईलवर संत ऑगस्टिन यांचं एक प्रवचन उघडलं, तर त्या बाईचे पाच नवरे म्हणजे आपली पंचेंद्रियं असं काहीतरी! मी ते मिटवून ठेवलं. हे मला झेपणार आहे का? आणि खरं सांगू, मासळी-मटण सोडलं, चहातली साखर सोडली, पण चिडचिड आहे तेवढीच आहे. वाडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे, तेही तसंच. चूक माझी नाही, असं मला मनापासून वाटतं. अशा मनाने शुभवर्तमान वाचून काय उपयोग?»
एक वाचक, वसई

प्रिय ताई,

तुम्ही वाचनाचा प्रश्न आधी लिहिलात आणि भावाचा शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखा. ज्यांचं प्रवचन तुम्ही मिटवून ठेवलंत, त्या ऑगस्टिन यांनी उपवासकाळात हे दोन्ही विषय हाताळले आहेत, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं त्यांना कधी वाटलं नाही. मीही त्यांची फारकत करणार नाही. भावाकडे येतेच, पण आधी वाचनाचं बघू.

विहिरीपाशी येशूला भेटलेली शोमरोनी स्त्री, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध आणि मेलेल्यांतून उठवलेला लाजर, ही उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारची शुभवर्तमानं आहेत, 'अ' वर्षातली, म्हणजे रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षाची. तिन्ही योहानाची आणि तिन्ही लांबलचक. लांब म्हणून काही ठिकाणी त्यांचा आखूड पाठ वाचून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. ईस्टरच्या रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असे, त्या दीक्षार्थींच्या तयारीशी या तीन उताऱ्यांचं नातं फार जुनं आहे. आधी पाणी, मग प्रकाश, मग जीवन, अशा क्रमाने त्यांना बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत आणलं जाई.

चौथ्या शतकात ही तयारी कशी चाले, ते एका बाईने लिहून ठेवलं आहे. एजेरिया तिचं नाव. युरोपच्या पश्चिमेकडून निघून ३८१ ते ३८४ च्या सुमारास ती पवित्र भूमीत फिरली आणि मागे राहिलेल्या आपल्या भगिनींना पत्रातून सगळं कळवत राहिली. त्या मजकुराचा उरलेला भाग १८८४ साली इटलीत अरेत्सो इथे सापडला. ती सांगते, जेरुसलेममध्ये उपवासकाळाच्या आरंभी मोठ्या चर्चमध्ये बिशपांचं आसन मांडत आणि दीक्षार्थींना एकेक करून पुढे आणत. बिशप प्रश्न विचारत ते त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना. हा माणूस सरळ वागतो का? आईवडिलांचा मान ठेवतो का? दारुडा किंवा खोटारडा नाही ना? उत्तरं बरी आली तर बिशप स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहून घेत. नाहीतर सांगत, आधी वागणं सुधार, मग ये.

त्यानंतर चाळीस दिवस रोज सकाळी तीन तास शिकवणी. बिशप ग्रीकमध्ये बोलत, एक धर्मगुरू उभा राहून तेच सिरियाक भाषेत सांगे, आणि ज्यांना या दोन्ही भाषा कळत नसत त्या लॅटिन बोलणाऱ्यांना तिथलेच ग्रीक आणि लॅटिन दोन्ही येणारे बंधुभगिनी समजावून देत. आपले आजीआजोबा लॅटिन मिस्सेला गुडघे टेकून बसत आणि जपमाळ ओढत. आपल्याला शुभवर्तमान मराठीत ऐकायला मिळालं. त्या जेरुसलेमच्या गर्दीची धडपड आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. ईस्टरनंतरच्या आठवड्यात बिशप नवदीक्षितांना संस्कारांचा अर्थ उलगडून सांगत, तेव्हा लोक इतक्या मोठ्याने दाद देत की चर्चच्या बाहेर लांबवर ऐकू जाई, असंही ती नोंदवते.

ताई, तुमचा आणि माझा बाप्तिस्मा आईच्या कडेवर झाला. त्या दिवशी आपलं काय झालं, हे कुणी आपल्याला तीन-तीन तास बसवून सांगितलं नाही. आद्य धर्मपित्यांची, म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या त्या संत-गुरूंची, उपवासकाळातली प्रवचनं म्हणजे आपली राहून गेलेली शिकवणी आहे. तुम्ही गोष्ट ओळखीची म्हणून कंटाळता. पण त्या गोष्टीत आपलं नाव कुठे आहे, हे शोधण्याचा अभ्यास आपल्याकडून कुणी करूनच घेतला नाही, असं मला वाटतं. तो त्यांच्याकडून करून घ्यायचा.

आता मिटवून ठेवलेलं ते प्रवचन पुन्हा उघडू या. हिप्पो हे उत्तर आफ्रिकेतलं बंदर, आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा. ऑगस्टिन तिथले बिशप. ते आसनावर बसून बोलत, लोक उभ्याने ऐकत आणि लघुलेखक उतरवून घेत. योहानाच्या शुभवर्तमानावरची त्यांची १२४ प्रवचनं आज आपल्याकडे आहेत. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती त्यांत आहे, मध्येच विचारलेला प्रश्न आहे, एक धागा सोडून दुसरा धरणं आहे. लेख समजून मुकाट वाचलं की माणूस अडखळतो. मोठ्याने वाचा, निम्मी अडचण तिथेच सुटेल.

येशू वाटचालीने दमला होता म्हणून तसाच विहिरीपाशी बसला, असं योहान लिहितो. आपण हे वाक्य वाचतो आणि पुढे सरकतो, कारण आपल्याला बाई कधी येते याची घाई. ऑगस्टिन तिथे ठाण मांडून बसतात. दमलेल्यांना ज्याच्यापाशी विसावा मिळतो, तोच दमला? का दमला? आणि मग समोरच्या गर्दीतल्या एकेकाला उद्देशून म्हणतात: तुझ्यासाठी येशू वाटचालीने दमला. ख्रिस्ताच्या बळाने तुला घडवलं, आणि ख्रिस्ताच्या दुबळेपणाने तुला पुन्हा नव्याने घडवलं. थोडं पुढे गेल्यावर, 'मला प्यायला दे' या शब्दांपाशी ते सांगतात की पाणी मागणाऱ्याला खरी तहान होती ती त्या बाईच्या विश्वासाची. ताई, नुसतं 'तुझ्यासाठी दमला' एवढं घेऊन एक दिवस काढून बघा. बँकेच्या रांगेत, लोकलमध्ये, रात्री भांडी घासताना. तुमचं मनन तिथे सुरू होईल. त्यासाठी मेणबत्ती लावून दहा मिनिटं बसायलाच हवं असं नाही.

आणि ते पाच नवरे. तुला पाच नवरे होऊन गेले, असं येशूच त्या बाईला सांगतो. ऑगस्टिन आधी सांगतात की काहींनी त्यांचा अर्थ मोशेची पाच पुस्तकं असा लावला आहे, आणि तो अगदीच अस्थानी नाही. मग ते स्वतःचं म्हणणं मांडतात. मूल जन्मल्यापासून डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या सांगण्यावर चालतं. जे गोड ते हवं, जे टोचतं ते नको. मोठं झाल्यावर घराचा कारभार समजुतीच्या हाती यायला हवा. या बाईच्या बाबतीत तो आलेला नाही. येशू जिवंत पाण्याबद्दल बोलतोय आणि ती घागर आणि दोर यांतच अडकली आहे. म्हणून तो म्हणतो, जा, तुझ्या नवऱ्याला बोलावून आण, म्हणजे तुझ्या समजुतीला इथे हजर कर. हा अर्थ मान्य केलाच पाहिजे असं काही नाही. मला स्वतःला त्या बाईचं खरंखुरं, पाच वेळा मोडलेलं आयुष्य या अर्थाखाली झाकलं जाऊ नये असं वाटतं. पण तुमच्या पत्राला तो जितका लागू पडतो तितका दुसरा कुठला अर्थ पडणार नाही. तुम्ही जिभेचं ऐकणं थांबवलंत, मासळी सोडलीत, साखर सोडलीत. समजुतीला अजून बोलावणं गेलेलं नाही, म्हणून चिडचिड जिथल्या तिथे आहे.

ऑगस्टिन जड वाटले तर याच उताऱ्यासाठी एफ्रेम यांच्याकडे जा. निसिबिस आणि एदेस्सा या शहरांत राहिलेले हे सिरियन कवी आणि डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे चर्चसेवक), ३७३ साली वारले. त्यांनी शोमरोनी स्त्रीची चढण टिपली आहे. पहिल्यांदा तिला समोर फक्त तहानलेला माणूस दिसला, मग यहूदी दिसला, मग संदेष्टा, आणि शेवटी ख्रिस्त. येशूने पहिल्याच वाक्याला 'मी ख्रिस्त आहे' असं सांगितलं असतं तर ती पाठ फिरवून गेली असती. त्याने तिला एकेक पायरी चढू दिली. शुभवर्तमान ओळखीचं झालं म्हणून कंटाळणाऱ्यांसाठीही एफ्रेम यांचं एक वचन आहे. देवाच्या शब्दाला ते झरा म्हणतात. तहानलेला माणूस पाणी पिऊन आनंदतो, झरा आपल्याला आटवता आला नाही म्हणून खंत करत बसत नाही. तुझी तहान भागली आणि झरा उरला, तर पुन्हा तहान लागल्यावर पुन्हा येता येईल. यंदा एका ओळीने तहान भागली तर तेवढंच घ्या. बाकीचा अध्याय पुढच्या वर्षी आहेच.

जन्मांधाच्या उताऱ्यावर थोडक्यात. ऑगस्टिन म्हणतात, हा आंधळा म्हणजे अख्खी मानवजात. येशूने थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावली आणि शिलोह तळ्यावर धुवायला पाठवलं. डोळ्यांना माती लागली आहे, पण अजून धुतलेलं नाही, अशी ज्यांची अवस्था ते दीक्षार्थी. प्रवचन ऐकायला दीक्षार्थी समोरच उभे असत. त्यांना ते केवढं थेट लागलं असेल!

लाजरापाशी मात्र थांबायला हवं, कारण तिथे तुमच्या चिडचिडीचा विषय आहे. येशूने तिघांना मेलेल्यांतून उठवल्याचं शुभवर्तमानांत आहे. याईराची मुलगी घरातच होती. नाईनच्या विधवेचा मुलगा वेशीबाहेर नेला जात होता. लाजराला कबरीत चार दिवस झाले होते. ऑगस्टिन यांना या तिघांत पापाच्या तीन अवस्था दिसतात. पाप मनातल्या मनात घडलं, ती घरातली मुलगी. हातून घडलं, तो वेशीबाहेरचा मुलगा. त्याची सवय जडली, तो लाजर. वर धोंड बसली आहे आणि आत दुर्गंधी सुटली आहे. सवयीचं वजन त्यांना चांगलं ठाऊक होतं, स्वतःच्या तारुण्यात ते त्यांनी भोगलं होतं. आणि ज्याला सवयीने गाडून टाकलं आहे त्याचीही आशा सोडू नका, असं ते बजावतात. रोजची चिडचिड ही बहुतेकदा सवय असते. ती चहातल्या साखरेसारखी एका बुधवारी सोडून देता येत नाही. लाजर हाक ऐकून बाहेर आला, तरी हातपाय बांधलेलेच होते, आणि 'याला मोकळं करा' हे येशूने आजूबाजूच्यांना सांगितलं. घरच्यांना स्पष्ट सांगा की मला ही सवय सोडवायची आहे, मी चढ्या आवाजात बोलले की लगेच टोका. एकटीने सोडवत बसू नका.

पहिल्या दोन रविवारांचं फार सांगत नाही. सैतानाने रानात येशूची जी परीक्षा घेतली तिच्याबद्दल ऑगस्टिन यांचा एक विचार पुरे आहे: ख्रिस्ताची परीक्षा झाली तेव्हा त्याच्यात तुझीच परीक्षा होत होती, त्याच्यात तू स्वतःला मोहात पडलेला पाहतोस, तर त्याच्यातच स्वतःला जिंकलेलाही पाहा. दुसऱ्या रविवारच्या रूपांतराविषयी, म्हणजे डोंगरावर शिष्यांपुढे येशूचं रूप तेजोमय झालं त्याविषयी, पोप लिओ (४४० ते ४६१) सांगतात की शिष्यांना पुढे क्रूस दिसणार होता, तो पाहून त्यांचं मन खचू नये म्हणून हे तेज त्यांना आधी दाखवलं.

मासळीचा विषय मात्र मी सोडणार नाही. ३८७ सालच्या उपवासकाळात दोन शहरांत जे घडलं ते मला नेहमी एकत्र आठवतं. मिलानमध्ये बिशप अँब्रोज दीक्षार्थींना तयार करत होते, त्यांत बत्तीस वर्षांचे ऑगस्टिन होते. त्यांचा मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियुसही सोबत होते. त्या ईस्टरच्या रात्री तिघांचा बाप्तिस्मा झाला. ज्या कुंडात तो झाला त्याचे अष्टकोनी अवशेष मिलानच्या कॅथेड्रलखाली आजही पाहता येतात. त्याच काळात तिकडे अंत्युखियात, आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात, नव्या करावरून दंगल उसळली. लोकांनी सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या घराण्याचे पुतळे पाडले. सम्राटाचा राग म्हणजे सगळ्या शहरावर मरण. म्हातारे बिशप फ्लावियन दया मागायला कॉन्स्टँटिनोपलला निघाले आणि मागे धास्तावलेल्या शहराला सांभाळायला राहिले योहान क्रिसोस्तोम, जेमतेम वर्षभरापूर्वी धर्मगुरू झालेले.

लोक भीतीपोटी चर्चमध्ये गर्दी करत होते आणि काटेकोर उपवास पाळत होते. क्रिसोस्तोम त्यांना म्हणाले, उपवास नुसता तोंडाचा नको, डोळ्यांचाही करा, कानांचा, पायांचा, हातांचाही करा. पक्षी आणि मासे खायचे नाहीत, आणि भावाबहिणींना मात्र चावून खायचं, याला काय अर्थ? दुसऱ्याची निंदा करणारा भावाचं मांस खातो, असं ते पौलाच्या पत्राचा आधार देऊन बजावतात. पुढे सम्राटाने क्षमा केल्याची बातमी आली आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. पण बातमी यायच्या आधीच, मरणाच्या सावलीत असताना, त्यांनी लोकांकडून मागितलं ते हे.

म्हणून मासळी सोडलीत ते चांगलंच केलंत, पण त्याचे वाचलेले पैसे कुठे जातात ते बघा. ते घरखर्चात जिरले तर उपवास अर्धाच झाला. ऑगस्टिन उपवासकाळातल्या एका प्रवचनात सांगतात की उपवास करणारा जे कमी खातो, ते भुकेल्या ख्रिस्ताला मिळू दे. मांस सोडून त्याऐवजी महागड्या पदार्थांची चंगळ करणाऱ्यांवर ते चांगलेच कडाडले आहेत, आणि शुक्रवारच्या खास मेजवान्या पाहिल्या की मला त्यांचं ते कडाडणं आठवतं. राव्हेन्नाचे बिशप पेत्रुस क्रिसोलोगुस यांनी हेच फार नेमकं मांडलं आहे: उपवास हा प्रार्थनेचा प्राण, आणि दया हे उपवासाचं जीवन. या तिघांना वेगळं करू नका. दर शनिवारी त्या आठवड्याच्या मासळीचे पैसे पाकिटात घाला आणि ते पाकीट कुणा ठरावीक घरी द्या, जिथे चूल पेटायची पंचाईत आहे. नाव-गाव माहीत असलेल्या घरी. दानपेटीत टाकलं की विसरायला होतं.

आता भाऊ.

उपवासकाळातल्या एका प्रवचनात ऑगस्टिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत भांडणांवरच बोलले आहेत. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' हा करार आपण रोज देवाशी करतो, तो मोडून ईस्टरला कसे पोहोचणार, असा त्यांचा सवाल आहे. ज्याने दुखावलं त्याने जाऊन क्षमा मागावी, हे उघडच आहे. पण पुढे ते एक बारीक जागा पकडतात, आणि त्यासाठी मला हा माणूस फार जवळचा वाटतो. समजा चूक तुझी नाही, दुखावला गेलास तो तूच. तर मी तुला 'जा आणि माफी माग' असं सांगणार नाही, कारण जे तू केलंच नाहीस त्याची माफी मागायला लावून मी तुला खोटं बोलायला लावीन. तू तुझ्या मनातून क्षमा करायला तयार राहा. आणि दोघांमध्ये समेट घडवणारी जी माणसं असतील, त्यांनी त्याला जाऊन बोलावं, म्हणजे तो पुढे येईल.

तुमच्यासाठी मी याचा अर्थ असा लावते. आधी 'चूक माझी नाही' हे वाक्य तपासा. वाटणीचा वाद एका बाजूला ठेवा आणि त्या वादात तोंडून काय काय गेलं ते आठवा. वहिनीला काय बोललात, मुलांना काकांकडे जायला मना केलं होतं का, चर्चच्या आवारात तोंड फिरवलं होतं का. यातलं जे तुमचं असेल, तेवढ्याचीच क्षमा मागा, स्पष्ट शब्दांत. बाकीसाठी दोघांचाही मान असलेलं एखादं माणूस शोधा, मामा असोत, आत्या असो, धर्मग्रामातले फादर असोत, आणि त्यांना भावाकडे पाठवा.

हक्क सोडा असं मी मुळीच म्हणत नाही, कारण आपल्याकडे बहिणींना क्षमेच्या नावाखाली सही करायला लावतात. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो. तो मागणं हा राग नव्हे. क्षमा केलेल्या माणसाशीही तलाठ्याच्या कचेरीत व्यवहाराचं बोलता येतं, उलट तेव्हाच नीट बोलता येतं.

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी उधळ्या पुत्राचा दाखला वाचतात. तो त्या दिवशी नक्की वाचा, आणि अँब्रोज यांचं बोट धरून वाचा. बाप धावत का येतो? तर तू मनाच्या कोपऱ्यात, कुणालाही ऐकू जाणार नाही असं जे स्वतःशी बोलत असतोस ते त्याला ऐकू येतं, आणि तू अजून लांब असतानाच तो धावत सुटतो, असं अँब्रोज सांगतात. तुमचा भाऊही कदाचित आपल्या घरात स्वतःशी असंच काही बोलत असेल. ते तुम्हाला ऐकू येणार नाही. त्याने उंबऱ्यापर्यंत यावं मग बघू, असं ठरवून बसू नका.

या जुन्या गुरूंबद्दल एक इशारा देणं मात्र मला भाग आहे. यहूदी लोकांबद्दल त्यांची भाषा काही ठिकाणी अतिशय कडवट आहे. क्रिसोस्तोम यांचीच अंत्युखियातली काही प्रवचनं वाचवत नाहीत, आणि पुढच्या शतकांत अशा शब्दांचा आधार घेऊन फार रक्त सांडलं. उपवासकाळात योहानाचं शुभवर्तमान आणि दुःखसहनाची कथा वाचताना 'यहूदी' हा शब्द वारंवार येतो, तेव्हा हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितलं की यहूदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून रंगवू नये. येशू, मरिया आणि सगळे प्रेषित यहूदी होते. संतांकडून शिकताना त्यांचा हा भाग बाजूला ठेवायचा, आणि मुलांना वाचून दाखवत असाल तर हे त्यांना सांगूनच वाचायचं.

कुठून आणि कसं वाचायचं, असंही तुम्हाला वाटत असेल. मोबाईलवर हवं ते शोधत बसू नका, दहा मिनिटं त्यातच जातील. धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज म्हणतात त्या प्रहर-प्रार्थनेच्या ग्रंथात उपवासकाळासाठी दिवसवार वाचनं लावलेली आहेत. पहिल्या रविवारी ऑगस्टिन यांचा वर सांगितलेला परीक्षेवरचा उतारा, दुसऱ्या रविवारी लिओ रूपांतरावर, तिसऱ्या रविवारी पुन्हा ऑगस्टिन शोमरोनी स्त्रीवर, तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी क्रिसोलोगुस. प्रत्येक वाचन दीड-दोन पानांचं असतं. तुमच्या त्या सिस्टरांनाच सांगा, त्या पानांच्या झेरॉक्स काढून देतील. इंग्रजी जड गेलं तर प्रार्थनागटात मिळून वाचा. एकीने वाचावं आणि दुसरीने मराठीत सांगावं, जेरुसलेममध्ये चालायचं तसंच.

रोजचं सगळं वाचायचं ठरवू नका. आठवड्याला रविवारचं एकच शुभवर्तमान धरा. सोमवारी ते मोठ्याने वाचा, आणि नंतरच्या दिवसांत त्यावरचं एखाद्या गुरूचं एक पान. जे वाक्य टोचेल ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जाताना त्या वाक्याचं आपण काय केलं ते स्वतःला विचारा. चौदा ठिकाणं आहेत, वेळ भरपूर मिळतो. एखादा आठवडा कोरडा गेला तर पुढच्या रविवारी नवं शुभवर्तमान येतंच. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उपवास किती दिवसांचा असावा यावर चर्चमध्ये मतभेद होते. कुणी एक दिवस पाळत, कुणी दोन, कुणी चाळीस तास. तेव्हा बिशप इरेनियस यांनी पोप व्हिक्टर यांना लिहिलं की उपवासातला हा फरकच आपल्या श्रद्धेची एकी सिद्ध करतो. तेव्हा शेजारणीने किती सोडलं आणि किती वाचलं, याच्याशी ताडून बघू नका.

पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, तुम्ही तुमच्या बारा वर्षांच्या मुलाचा प्रश्न लिहिला आहे: येशू लाजराला उठवणारच होता, तर मग तो रडला कशाला? तुम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणालात. हिप्पोच्या गर्दीपुढे ऑगस्टिन यांनीही हाच प्रश्न विचारला होता. ख्रिस्त का रडला, तर माणसाने रडायला शिकावं म्हणून, असं त्यांचं उत्तर आहे. मुलाला ते जसंच्या तसं सांगा. त्याचं समाधान झालं नाही तर योहानाचा अकरावा अध्याय त्यालाच मोठ्याने वाचायला लावा, आणि मार्था, मरिया आणि येशू यांच्यापैकी कोण कुठे आणि कधी रडतं ते त्याला शोधू द्या. तुम्ही शेजारी बसून नुसतं ऐका.